हरणाच्या शिकारीसाठी कमी खर्चातील पहिली रायफल : ६०० डॉलरमध्ये काय बसते?

डोंगरउतार (१८ ऑगस्ट २०२४)

नमस्कार. मी गेली सहा वर्षे पेन्सिल्व्हेनियाच्या सेंटर काउंटीत राहतो. आमच्या परसामागे ओकचे रान सुरू होते आणि संध्याकाळी हरणे कुंपणापाशी येऊन उभी राहतात. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी अर्ध्या हरिणीचे मांस नीट कागदात बांधून, त्यावर तारीख घालून आमच्या घरी आणून दिले होते आणि यंदा मला सोबत येण्याचे आमंत्रण दिले आहे. शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम मी मे महिन्यात पूर्ण केला. परवाना काढला असून मादीसाठीचा वेगळा परवानाही जुलैत मिळाला आहे. माझ्याकडे ग्रीन कार्ड असल्यामुळे रायफल विकत घेण्यात कायद्याची अडचण नाही.

अडचण पैशांची आहे. घर एका पगारावर चालते आणि मुलीच्या दातांच्या तारांचे हप्ते सुरू आहेत. रायफल, दुर्बीण, काडतुसे, नारिंगी जाकीट आणि परवाना हे सगळे धरून मला ६०० डॉलरच्या पुढे जाता येणार नाही. नवी स्वस्त रायफल घ्यावी की कोणाची वापरलेली चांगली रायफल घ्यावी? दुर्बीण बसवूनच मिळणारे संच घेण्यासारखे असतात का? काडतुसांच्या बाबतीत .२४३, .३०८, ६.५ क्रीडमोर आणि .३०-०६ ही चार नावे सतत कानावर पडतात, त्यांतले कोणते निवडावे? आमचे रान दाट आहे आणि शेजारी सांगतात की गेल्या वीस वर्षांत त्यांनी शंभर यार्डांपलीकडे एकदाही बार काढलेला नाही. माझा बंदुकीचा अनुभव एनसीसीत लेटून मारलेल्या .२२ च्या गोळ्यांपुरता आहे. हंगाम ३० नोव्हेंबरला सुरू होतो, त्यामुळे सरावाला वेळ आहे.

जुना_खैर (१८ ऑगस्ट)

प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी याच राज्यात तीस वर्षे शिकार करतो आहे आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो, की ६०० डॉलर हे रायफलचे पैसे समजू नका. त्यातले निदान शंभर डॉलर काडतुसांसाठी आधीच बाजूला काढून ठेवा आणि मग उरलेल्यात काय येते ते पाहा. बहुतेक जण नेमके उलट करतात. सगळे पैसे रायफलीत घालतात, वीस काडतुसांचा एकच डबा घेतात, त्यातली आठ दुर्बीण जुळवण्यात संपवतात आणि उरलेली बारा घेऊन रानात जातात. अशा माणसाच्या हातात हजार डॉलरची रायफल असली, तरी हरिण जखमी होऊन पळून जाण्याची भीती मोठी असते.

रायफलींचे म्हणाल, तर सॅव्हेज अ‍ॅक्सिस, रुगर अमेरिकन आणि मॉसबर्ग पेट्रियट या तिघींपैकी कोणतीही घ्या. तिन्ही बोल्ट अ‍ॅक्शनच्या, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढून पुढचे काडतूस चढवायच्या आहेत आणि तिन्ही साधारण ४०० ते ५५० डॉलरच्या दरम्यान नव्या मिळतात. आपल्या राज्यात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप चढवणारी रायफल चालत नाही, त्यामुळे तो विचार डोक्यातून काढून टाका. वापरलेली अ‍ॅक्सिस गावातल्या दुकानात अडीचशे-तीनशेला सहज मिळते, कारण लोक ती पहिली रायफल म्हणून घेतात आणि दोन वर्षांनी भारीतली घेऊन ही विकून टाकतात. अशा रायफलीतून शंभरसुद्धा काडतुसे उडालेली नसतात.

तेलपाणी (१९ ऑगस्ट)

जुना_खैर यांच्याशी सहमत आहे. मी व्यवसायाने टूलमेकर आहे, म्हणून या स्वस्त रायफली इतक्या नेमक्या का मारतात, हे थोडे सांगतो.

नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये काडतुसाच्या बुडाला जी जागा मिळते, ती अगदी मोजून-मापून ठेवावी लागते. पूर्वी कारागीर हे काम एकेका रायफलीवर हाताने करत. सॅव्हेजने १९५८ मध्ये ११० हे मॉडेल आणले, तेव्हा नळीवर एक मोठा नट बसवला. नळी आट्यांवर फिरवून माप जुळवायचे आणि नट आवळून ती तिथेच पक्की करायची. त्यामुळे कुशल हाताचे कितीतरी तास वाचले आणि माप मात्र चोख राहिले. अ‍ॅक्सिसमध्ये तीच पद्धत आहे आणि रुगरनेही २०१२ मध्ये अमेरिकन आणताना तीच उचलली. म्हणजे जिथे अचूकपणा ठरतो, त्या नळीत आणि तिच्या जोडणीत यांनी काटकसर केलेली नाही. काटकसर केली आहे ती दस्त्यात, बोल्टच्या घासकामात आणि प्लॅस्टिकच्या मॅगझिनमध्ये. दस्ता हातात पोकळ लागतो आणि बोल्ट ओढताना किंचित खरखरतो, पण शंभर यार्डांवर दीड इंचात तीन गोळ्या बसायला याने काही अडत नाही. हरणाची फुप्फुसे आणि हृदय मिळून आठ-दहा इंचांची जागा असते.

एक गोष्ट मात्र पाहून घ्या. साध्या अ‍ॅक्सिसचा चाप बराच जड असतो. अ‍ॅक्सिस टूमध्ये सॅव्हेजचा जुळवता येणारा अ‍ॅक्यूट्रिगर येतो, आणि तीस-चाळीस डॉलरचा फरक असेल तर तो जरूर द्यावा. जड चाप ओढताना नवखा माणूस सगळी रायफल ओढतो आणि नेम उजवीकडे खाली जातो.

ओहायोकर (१९ ऑगस्ट)

हा धागा इतर राज्यांतले लोकही वाचतील, म्हणून एक सूचना करतो. वरचा सल्ला पेन्सिल्व्हेनियाच्या रानातला आहे. आमच्या ओहायोत हरणासाठी .३०८ किंवा .२४३ चालत नाही. इथे २०१४ पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे मानेशी निमुळत्या न होणाऱ्या काडतुसांच्या रायफली चालतात आणि त्याआधी मुख्यतः शॉटगन व ठासणीच्या बंदुकीवर भागवावे लागे. सपाट, दाट वस्तीच्या शेतजमिनीत गोळी फार लांब जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. माझ्याकडे सीव्हीए कंपनीची एकनळी, एकबारी रायफल आहे आणि ती २०१९ मध्ये आलेल्या .३५० लेजंड या सरळ भिंतीच्या काडतुसाची आहे. धक्का फार कमी बसतो आणि दीडशे यार्डांपर्यंत मला कधी कमी पडलेली नाही. रायफल घेण्याआधी आपल्या राज्याची, आणि शक्य असेल तर आपल्या काउंटीची, नियमपुस्तिका वाचा.

जुना_खैर (१९ ऑगस्ट)

ओहायोकर यांचा मुद्दा आमच्याकडेही लागू आहे. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग यांच्या आसपासच्या काउंट्यांत विशेष नियम आहेत. डोंगरउतार यांच्या भागात तो प्रश्न येत नाही.

नवागत२३ (२० ऑगस्ट)

मी एच-१बी व्हिसावर न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर भागात आहे. माझ्या कचेरीतले दोघे दरवर्षी शिकारीला जातात. मला रायफल घेता येईल का? एकाने सांगितले की तो स्वतःच्या नावावर घेऊन मला देईल आणि मी त्याला पैसे द्यावेत.

जुना_खैर (२० ऑगस्ट)

ती दुसरी गोष्ट कृपा करून करू नका आणि आपल्या मित्रालाही करू देऊ नका. दुसऱ्याच्या पैशांनी, दुसऱ्यासाठी रायफल घेऊन दुकानातल्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर खरा खरेदीदार मीच, असे लिहून देणे हा संघराज्याच्या कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. आपला व्हिसा आणि त्यांची नोकरी दोन्ही त्यात जातील.

बिगर-स्थलांतरित व्हिसावर असणाऱ्याला एरवी बंदूक बाळगता येत नाही. रायफल विकत घेणे तर सोडाच, रेंजवर मित्राची हातात घेणेसुद्धा त्यात येते. पण त्याच कायद्यात अपवाद आहे : ज्याच्याकडे अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याने कायदेशीरपणे दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना आहे, त्याला ही बंदी लागू होत नाही. म्हणून क्रम असा ठेवा, की आधी प्रशिक्षण, मग परवाना आणि त्यानंतरच बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे घरात रायफल ठेवणाऱ्याने विसरू नये. दुकानात जाण्याआधी व्हिसाचे काम पाहणाऱ्या वकिलाला एकदा विचारा. त्या सल्ल्याचे पैसे वाया जाणार नाहीत.

मेंडोटा (२१ ऑगस्ट)

मी विस्कॉन्सिनमध्ये असते आणि गेली नऊ वर्षे आमच्या नऊ दिवसांच्या हंगामात जाते. वरच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कोणी विचारलीच नाही, ती म्हणजे डोंगरउतार यांची उंची किती आहे.

माझी पाच फूट एक इंच आहे. मी पहिली रायफल घेतली ती .३०-०६ होती, कारण दुकानातल्या माणसाने सांगितले की ती सगळ्याला पुरते. दस्ता इतका लांब होता, की दुर्बिणीत पूर्ण वर्तुळ दिसावे म्हणून मला मान पुढे ताणावी लागे, आणि जाड कोट घातल्यावर तर दस्ता खांद्याच्या खोबणीत बसतच नसे, दंडावर टेके. तिसऱ्या बाराला दुर्बिणीची कड भुवईवर आपटली आणि रक्त आले. त्यानंतर पुढचे दोन महिने चाप ओढण्याआधी माझे डोळे आपोआप मिटत. ती सवय मोडायला मला एक सबंध वर्ष आणि .२२ ची कितीतरी काडतुसे लागली.

रुगर अमेरिकनच्या नेहमीच्या दस्त्याची लांबी पावणेचौदा इंच आहे आणि तिच्याच कॉम्पॅक्ट मॉडेलची साडेबारा. हा सव्वा इंच आपल्याकडच्या बहुतेक बायकांना आणि पुष्कळ पुरुषांनाही उपयोगी पडेल. दुकानात जाताना हिवाळ्याचा कोट सोबत न्या, ऑगस्ट असला तरी. रायफल रिकामी आहे याची दोघांनी खात्री करून घ्या, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. मान न हलवता दुर्बिणीत पूर्ण चित्र दिसले, तर ती रायफल आपल्या मापाची.

काडतुसाचे म्हणाल तर माझे मत .२४३ किंवा ७ मिमी-०८. सात पौंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का .३०-०६ च्या जेमतेम निम्मा असतो. धक्क्याला भिणारा माणूस सराव टाळतो.

तेलपाणी (२१ ऑगस्ट)

मेंडोटाताईंनी मापाबद्दल जे लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे आणि मी ते आधी लिहायला हवे होते. .२४३ बद्दल मात्र थोडा मतभेद आहे. शंभर ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी हरणाला पुरते यात शंका नाही, पण ती हलकी गोळी चुकीच्या कोनातून खांद्याच्या जाड हाडावर बसली, तर चूक सावरून घ्यायला फारसा वाव उरत नाही. ज्याला अनुभव आहे तो असा बार सोडून देतो. नवख्याला तो मोह आवरत नाही. म्हणून पहिल्या रायफलीसाठी मी .३०८ मध्ये १५० ग्रेनची गोळी सुचवीन. धक्का .२४३ आणि .३०-०६ यांच्या मधला आहे, आणि दस्त्याला चांगले रबर लावले तर तो सहज सोसतो.

मेंडोटा (२१ ऑगस्ट)

उलट ज्याला मोह आवरत नाही, त्याला मोठे काडतूस देणे हा उपाय मला पटत नाही. मोठ्या गोळीने पोटात लागलेले हरीणही रात्रभर तडफडते. बार सोडून द्यायला शिकवावे लागते, आणि जो बेडरपणे शंभर वेळा चाप ओढून आला आहे, त्याला आपला नेम कुठे संपतो ते ठाऊक असते.

जुना_खैर (२२ ऑगस्ट)

दोघांचे म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे, पण डोंगरउतार यांच्या रानात, साठ-सत्तर यार्डांवर, या चारही काडतुसांतला फरक हरणाला कळणार नाही. ६.५ क्रीडमोर २००७ मध्ये लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी तयार झाले. ते उत्तम आहे, पण त्याचा जो गुण आहे तो तीनशे यार्डांपुढे दिसतो. मी पैशांच्या बाजूने पाहतो. आपल्या गावच्या दुकानात, हंगामाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, फळीवर कोणत्या काडतुसाचे चार डबे हमखास असतात? २०२० आणि २०२१ मध्ये जेव्हा काडतुसांचा दुष्काळ पडला होता, तेव्हा ज्यांच्याकडे अनवट काडतुसांच्या रायफली होत्या, त्यांच्या त्या कपाटातच राहिल्या. तुमचे शेजारी कोणते वापरतात, तेही विचारून घ्या.

निर्मळ (२३ ऑगस्ट)

मी हा धागा पहिल्यापासून वाचतो आहे आणि मला मनापासून विचारायचे आहे. मांस बाजारात मिळते. मग परसात येणाऱ्या मुक्या जनावराला मारण्यासाठी ओढाताण करून ६०० डॉलर का खर्च करावेत? मी कोणाला दुखवण्यासाठी लिहीत नाही.

डोंगरउतार (२३ ऑगस्ट)

प्रश्न रास्त आहे आणि मी तो स्वतःला वर्षभर विचारला आहे. आमच्या घरी मांस खाल्ले जाते. ते जनावर कुठे वाढले, कसे मेले, हे मला कधीच कळत नाही. जे खातो त्याची जबाबदारी निदान एकदा स्वतःच्या हातांनी घ्यावी असे मला वाटते. आणि जे पैसे आज जातील, ते तीन-चार वर्षांच्या मांसात भरून निघतील हाही हिशेब आहे.

जुना_खैर (२३ ऑगस्ट)

एवढेच जोडतो. एकोणिसावे शतक संपताना या राज्यातली हरणे जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये शिकार आणि वन्यप्राण्यांचा कारभार पाहणारे राज्याचे गेम कमिशन स्थापन झाले आणि १९०६ मध्ये मिशिगनहून हरणे विकत आणून इथे सोडली गेली. आज ती इतकी आहेत, की ओकची रोपे गुडघ्याएवढी होण्याआधीच खुडली जातात. या सांभाळाचा मोठा खर्च शिकाऱ्यांच्या परवान्यांतून येतो आणि रायफली व काडतुसे यांच्यावर जो ११ टक्के कर आहे आणि जो १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवला आहे, त्यातून येतो. डोंगरउतार यांच्या ६०० डॉलरमधलाही काही भाग त्या रानाकडेच परत जाईल. आता पुन्हा रायफलीकडे वळू.

साखरपा (२५ ऑगस्ट)

आमच्या आजोबांकडे रत्नागिरी जिल्ह्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भातखाचरात रानडुकरे उतरत, तेव्हा आजोबा रात्री माळ्यावर बसत. दारू मोजायला त्यांच्याकडे शिंगाचे एक माप होते आणि पावसाळ्यात ते दारूची पिशवी चुलीवरच्या उतवीत, धुरात ठेवत. एक बार भरायला दीड मिनिट लागे. त्यामुळे ते नेहमी म्हणत की दुसरा बार नाहीच, असे समजून पहिला काढायचा.

हे इथे लिहिण्याचे कारण असे, की पेन्सिल्व्हेनियात नाताळानंतर २६ डिसेंबरपासून चकमकीच्या बंदुकीचा खास हंगाम असतो. गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणारी जुन्या घडणीची ठासणीचीच बंदूक त्यात चालते. रायफलीच्या हंगामात हरीण मिळाले नाही, तर डोंगरउतार यांनी पुढच्या वर्षी त्याचा विचार करावा. मी न्यू जर्सीतून दोन वर्षे गेलो. गारगोटी ओली झाली तर काहीच होत नाही, पण आजोबांची आठवण आल्यावाचून राहत नाही.

वऱ्हाडी_वावर (२६ ऑगस्ट)

मी यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो. आमच्या वावरात रोही आणि रानडुकरे हरभरा, तूर काही ठेवत नाहीत. रात्री जागली करावी लागते, फटाके फोडावे लागतात, आणि नुकसान झाले की पंचनामा आणि भरपाईचा अर्ज. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे वन विभागाच्या लेखी परवानगीवाचून जनावराला हात लावणे गुन्हा आहे, आणि असा कायदा नसता तर रानात काही उरलेच नसते हेही मी जाणतो. तुमच्याकडे मादीचे परवाने मोजून दिले जातात, हे वाचून चांगले वाटले. किती जनावरे काढायची हे जिथे आधी ठरते, तिथे शेतकरी आणि रान दोघेही टिकतात.

डोंगरउतार (८ सप्टेंबर)

सर्वांचे आभार. माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. कोट घेऊन दुकानात गेलो आणि मेंडोटाताईंनी सांगितले तसे डोळे मिटून पाहिले. अ‍ॅक्सिस मला बरोबर बसली, पेट्रियट थोडी लांब वाटली. शेजाऱ्यांकडे .३०८ आहे, त्यामुळे ते काडतूस निश्चित झाले.

पण दुकानात आणखी एक रायफल पाहिली आणि मन तिथे अडकले आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात साठीच्या दशकात बनलेली २ए१, किंमत ३५० डॉलर. दस्त्यावरच्या पितळी तबकडीवर झिजलेले आकडे होते. लहानपणी पोलिसांच्या खांद्यावर अशाच घाटाची .३०३ पाहिली होती. ही तर ७.६२ नाटोची आहे, म्हणजे .३०८ चालेल असे दुकानदार म्हणाले. घ्यावी का?

तेलपाणी (८ सप्टेंबर)

आपल्या भावना समजतात, माझाही त्या रायफलीवर जीव आहे. पण पहिली रायफल म्हणून नको. तिच्यावर दुर्बीण बसवायची सोय मुळात नाही आणि ती करायची तर छिद्रे पाडून जुनी वस्तू बिघडवावी लागते. वजन नऊ पौंडांच्या पुढे आहे आणि दस्त्याच्या बुडाशी पितळी पत्रा असल्यामुळे धक्का जोरात बसतो. शिवाय साठ वर्षे वापरलेल्या रायफलीत बोल्टपुढची जागा सैल झालेली असू शकते, ती बंदुकीच्या कारागिराकडून मोजून घेतल्याशिवाय एकही काडतूस उडवू नये. .३०८ आणि ७.६२ नाटो बाहेरून सारखी दिसतात, पण त्यांच्या दाबाची आणि मापाची प्रमाणे वेगळी आहेत. पैसे सुटतील तेव्हा ती आठवण म्हणून घ्या.

वापरलेली अ‍ॅक्सिस घेताना इतके पाहा. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा, आत चकाकी एकसारखी हवी. नळीच्या तोंडाची कड नखाने फिरवून पाहा, तिथे टवका उडालेला असेल तर रायफल घेऊ नका. कोणी रेमिंग्टन ७०० स्वस्तात देऊ केली, तर ती २००६ ते २०१४ मधली आहे का हे आधी तपासा, कारण त्या काळातल्या एक्स-मार्क प्रो चापाची रायफल आपोआप उडू शकते म्हणून कंपनीने २०१४ मध्ये त्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या.

मेंडोटा (९ सप्टेंबर)

दुर्बिणीबद्दल एक वाक्य. संचाबरोबर फुकट येणारी दुर्बीण दुपारी दुकानात छान दिसते, पण हरीण सकाळी सहा-साडेसहाच्या अंधुक उजेडात येते. दीडशे डॉलरच्या आसपासची ३-९ गुणिले ४० ची (तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, ४० मिमी भिंगाची) साधी दुर्बीण वेगळी घ्या.

डोंगरउतार (१३ ऑक्टोबर)

घेतली. वापरलेली अ‍ॅक्सिस टू, .३०८, करासह २७६ डॉलर. दुर्बीण १४०, कड्या ३५, काडतुसांचे तीन डबे ८१, नारिंगी जाकीट व टोपी २४ आणि दोन्ही परवान्यांचे मिळून २८. एकूण ५८४ डॉलर झाले. गेम कमिशनच्या रेंजवर परवानाधारकाला वेगळे पैसे पडत नाहीत, ही मोठी बचत झाली.

आता काल काय घडले ते लिहितो. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून पहिला कागद पंचवीस यार्डांवर लावला. बोल्ट काढून नळीतून पाहून दुर्बीण ढोबळ जुळवली होती, तरी पहिल्या तीन गोळ्या मध्यापासून तीन इंच उजवीकडे लागल्या. दुर्बिणीची एक टिचकी शंभर यार्डांवर पाव इंच सरकवते, म्हणजे पंचवीस यार्डांवर ती एक सोळांशच. तीन इंचांसाठी अठ्ठेचाळीस टिचक्या मोजून फिरवल्या आणि पुढची गोळी काळ्या ठिपक्याला चिकटून बसली. मग कागद शंभरावर नेला. दोन वेळा तीन-तीन गोळ्या दीड इंचात बसल्या आणि मला फार आनंद झाला. त्यानंतरच्या तीन गोळ्या मात्र सात इंचांत विखुरल्या. मला वाटले की माझाच हात थकला. शेजाऱ्यांनी काही न बोलता दुर्बीण मुठीत धरून हलवली, तर ती किंचित डुलली. कड्यांखालचा जो पाया आधीच्या मालकाने बसवला होता, त्याचे मागचे दोन स्क्रू सैल झाले होते. कड्या मी स्वतः आवळल्या होत्या, पायाकडे पाहिलेच नव्हते.

तेलपाणी (१३ ऑक्टोबर)

हे रेंजवर कळले, रानात नाही, हे फार बरे झाले. पाया पूर्ण काढा, स्क्रू आणि आटे स्पिरिटने पुसून तेल घालवा, प्रत्येक स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा आणि मापाच्या पान्याने आवळा. अंदाजाने जोर लावू नका, बारीक स्क्रू लगेच तुटतात. एक दिवस सुकू द्या आणि पुन्हा पंचवीस यार्डांपासून सुरुवात करा. आणि आता टेबलावरून मारणे पुरे. बसून, गुडघ्यावर आणि झाडाला टेकून मारण्याचा सराव करा.

साखरपा (१४ ऑक्टोबर)

मांस घरी मुले खाणार असतील तर एक विचार करा. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेभोवती बरेच दूरवर पसरतात. तांब्याची गोळी थोडी महाग असते, पण शिकारीच्या दिवसापुरता एक डबा घेता येतो. मात्र तिने दुर्बीण पुन्हा तपासावी लागेल, कारण गोळी बदलली की लागण्याची जागाही बदलते. शिशाचीच वापरणार असाल, तर जखमेभोवतीचे मांस मोठ्या हाताने काढून टाका.

डोंगरउतार (१ डिसेंबर)

यंदा तांब्याचा डबा हिशेबात बसला नाही, म्हणून जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने काढले. पुढच्या वर्षी बदलेन.

काल, पहिल्याच दिवशी, शेजारी खालच्या ओढ्यापाशी बसले आणि मी वरच्या उतारावर एका पडलेल्या ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो. सात वाजून गेल्यावर तीन माद्या एकामागून एक आल्या. पहिली समोरून येत होती, छातीचा कोन बरोबर नव्हता, म्हणून चापावर बोट नेले नाही. दुसरी झाडांच्या मागे राहिली. तिसरी वळली आणि आडवी उभी राहिली. रायफल गुडघ्यावर टेकलेली होती. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरला आणि चाप ओढला. धक्का जाणवला नाही. ती धावली आणि पानांचा आवाज थांबला. शेजाऱ्यांनी शिकवले होते तसा अर्धा तास जागचा हललो नाही. नंतर पावले मोजली. माझ्या जागेपासून ती उभी होती तिथपर्यंत बासष्ट आणि तिथून ती पडली तिथपर्यंत अडतीस. गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली होती. तिच्या मानेवर हात ठेवला तेव्हा अंग ऊनच होते, आणि मी काही वेळ तसाच बसून राहिलो. मग कानाला चिठ्ठी बांधली, शेजारी वर आले आणि पोट साफ करताना सुरी कशी उलटी धरायची ते त्यांनी माझा हात धरून दाखवले.

साठ काडतुसांपैकी सेहेचाळीस कागदावर गेली, एक रानात गेले आणि तेरा डब्यात आहेत.

मेंडोटा (१ डिसेंबर)

पहिल्या मादीवर बोट नेले नाही, हे वाचून फार समाधान वाटले. आज रात्रीच नळी पुसून तेलाचा हात फिरवा, काल दव पडले असेल.

नवागत२३ (२ डिसेंबर)

माझे प्रशिक्षण झाले, वकिलांशी बोललो आणि परवाना गेल्या आठवड्यात हातात आला. उंची पाच फूट चार इंच. कोट घेऊन शनिवारी दुकानात जातो आहे. गावातल्या दुकानात .३०८ आणि .३०-३० दोन्ही भरपूर आहेत आणि एक वापरलेली मार्लिन ३३६ (चापाभोवतीचा दांडा खाली ओढून काडतूस चढवायची रायफल) चारशेला आहे, दुर्बिणीशिवाय. तिच्याबद्दल कोणी सांगू शकेल का?

जुना_खैर (२ डिसेंबर)

चारशेला असेल तर शनिवारची वाट पाहू नका. खटका मागे ओढताना मधल्या खाचेत नीट अडतो का ते पाहा, तळाच्या स्क्रूंची डोकी कोणी झिजवली आहेत का ते पाहा आणि फोटो इथे टाका.